ते रफू माझं नव्हतं

मंगळवारी सकाळी दुकान उघडून मी नुकतीच सुईत दोरा ओवत होते, तेवढ्यात एक उंच, सडपातळ तरुण आत आला. हातातलं हिरवं कॉर्डरॉयचं जॅकेट त्याने काउंटरवर ठेवलं, त्याची दुमडलेली बाही सरळ केली, आणि अगदी सौम्य आवाजात विचारलं,

“मला चोर ठरवणाऱ्या त्या तुम्हीच का?”

दोरा सुटला, सुई घरंगळून कुठेतरी गेली. मी वर पाहिलं. पहिल्यांदा काय दिसलं सांगू? डोळे. खोटं कशाला बोलू! रागावलेले नव्हते, नुसते दमलेले होते... आणि मग ते जॅकेट कुणाचं ते डोक्यात शिरलं.

पडद्याआडचं शिवणयंत्र थांबलं. माझी ताई यंत्र दोनच गोष्टींसाठी थांबवते. जेवायला, आणि दुसऱ्यांचं बोलणं ऐकायला.

आता झालं काय होतं ते सांगते. आमच्या भागाच्या पोलिसांचं सोशल मीडियावर एक पान आहे. सोमवारी सकाळी त्यांनी तिथे एक फोटो टाकला. वाचनालयाबाहेरून महिन्याभरात सात सायकली गेल्या होत्या, त्याही कुलूप न तोडता. फोटोत एक माणूस पाठमोरा, सायकल ढकलत चाललेला. चेहरा नाही, काही नाही, नुसतं हिरवं जॅकेट. खाली लिहिलं होतं, ‘या व्यक्तीला कुणी ओळखतं का?’ लोकांनी खाली विनोदांचा नुसता पाऊस पाडला होता. मी मात्र फोटो मोठा केला. डाव्या कोपरावर दुरुस्तीची खूण दिसत होती.

आणि मला तेच जॅकेट आठवलं! तसाच रंग, तसंच कापड, तसंच डावं कोपर. गेल्याच महिन्यात मी ते रफू केलं होतं. घेतलं आणि परत दिलं ते ताईने, मी माणूस पाहिलाच नव्हता. चिठ्ठीवर फक्त ‘चौकातला कुलूपवाला’ एवढं लिहिलेलं. मी क्षणाचाही विचार न करता लिहून टाकलं, ‘अय्या, हे कोपराचं रफू माझ्या हातचं! चौकातल्या कुलूपवाल्याचं जॅकेट आहे हे!’ पुढे हसरे चेहरे दोन.

का लिहिलं? अहो, आमच्या कामाचं दुखणंच असं आहे. रफू चांगलं जमलं की ते दिसत नाही. गिऱ्हाईक कपडा उलटसुलट करून बघतं नि म्हणतं, “केलंय ना नक्की?” सात वर्षांत कुणी ‘वा’ म्हटलेलं मला आठवत नाही. आणि इथे संध्याकाळपर्यंत चार हजार लोकांना माझी कॉमेंट आवडली! ‘काय नजर आहे!’ ‘हिला पोलिसात घ्या!’ मी हरभऱ्याच्या झाडावर अशी चढले होते की खाली बघायचं सुचलंच नाही.

ज्याच्या डोक्यावर ते झाड पडलं, तो आता समोर उभा होता.

“पोलीस काल संध्याकाळीच येऊन गेले,” तो म्हणाला. “चांगली माणसं. चोरीच्या वेळी मी एका तिसऱ्या मजल्यावर बाथरूमचं दार उघडत होतो, आत एक आजोबा अडकले होते. आजोबांनी साक्ष दिली. पोलिसांना पटलं.”

“मग... मग झालं तर!”

“पोलिसांना पटलं. पण कालपासून सहा माणसं माझी कुलपं परत करून गेली.” त्याने जॅकेटची बाही पुन्हा नीट केली. “आणि शाळेचं काम आहे. चाळीस वर्गखोल्यांना नवी कुलपं बसवायची होती. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, शनिवारपर्यंत विचार करून सांगते. कुलूपवाल्याला लोक घरात घेतात म्हणून त्याचा धंदा चालतो, हो. एकदा का चोर म्हणून नाव झालं... संपलं की सगळं.”

खरं तर मी तेव्हाच पाय धरायला हवे होते. पण माझ्या नाकावर रागच आधी येतो.

“पण रफू तर माझंच आहे ना! हे बघा!” म्हणत मी जॅकेट ओढलं नि डावं कोपर त्याच्यापुढे धरलं.

रफू दिसेना.

मी बाही उजेडात नेली. उलटी केली. चुकून उजवं कोपर तर नव्हे, म्हणून तेही पाहिलं. शेवटी डोळे मिटून नखाने चाचपलं, तेव्हा कुठे रेघांमधला किंचित घट्टपणा लागला. शिवणीच्या आतलेच दोरे काढून मी एकेक रेघ विणली होती. माझं काम मलाच सापडेना, आणि फोटोतलं खांबावरच्या कॅमेऱ्याला रस्त्यापलीकडून दिसलं होतं!

“हे... हे माझं नाही,” मी म्हणाले.

“जॅकेट? नाही, माझंच आहे.”

“अहो, फोटोतलं रफू! इतकं ढोबळ? माझ्या हातचं? छे छे, मेले तरी नाही!”

तो विचारात पडला. “म्हणजे मी चोर नाही, कारण चोराचं रफू वाईट आहे?”

“हो!”

“हे पोलिसांना सांगा. आजोबांपेक्षा भक्कम पुरावा आहे.” आणि तो हसला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं हसू असावं... आणि मला इतकं रडू आलं की विचारू नका.

पडद्याआडून ताई म्हणाली, “रडतेस काय? आधी ती कॉमेंट काढ!”

कॉमेंट काढली. नवी लिहिली, ‘माझी चूक झाली, कुलूपवाले निर्दोष आहेत.’ ती चौदा जणांना आवडली. खाली कुणीतरी विचारलं, ‘काय ताई, धमकी आली का?’ मी कपाळावर हात मारून घेतला.

“चला,” मी दुपट्टा सावरत उठले. “पोलीस चौकीत जाऊ.”

“आत्ता? दोघं?”

“मग काय, तुमच्याशिवाय? आरोपीला सोबत नेलं की बरं दिसतं.”

“अजून आरोपीच का मी?” असं म्हणत का होईना, पण आला.

पोलिसांचं पान सांभाळणाऱ्या हवालदारबाई पन्नाशीच्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, समोर थंड झालेला चहा. माझं नाव ऐकताच त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“अच्छा, त्या तुम्ही! प्रत्येक फोटोखाली मी काय लिहिते? ‘माहिती मेसेजमध्ये कळवा, इथे कुणाचं नाव लिहू नका.’ वाचता येतं ना?”

“येतं,” मी म्हणाले. आवाज इवलासा निघाला.

“लोक आम्हाला खूप मदत करतात, मी नाही म्हणत नाही. मागे एकाने नुसत्या चपलेवरून माणूस ओळखला. पण त्याने गुपचूप कळवलं. तुम्ही दवंडी पिटलीत.”

कुलूपवाला मध्येच म्हणाला, “बाई, जाऊ द्या. त्या चूक सुधारायलाच आल्यात.”

मी त्याच्याकडे पाहतच राहिले. ज्याचं वाटोळं मी केलं होतं तोच माझी बाजू घेत होता!

बाईंनी मूळ फोटो मोठ्या पडद्यावर लावला. आता मी नीट पाहिलं, सोमवारीच पाहायला हवं होतं तसं. हिरव्या कापडावर निळा दोरा. लांब लांब तिरके टाके, आणि कडेला दुहेरी गाठ. मी उडालेच. हे टाके मी रोज उसवते! आमच्या मागच्या गल्लीतला ड्रायक्लिनर धुलाईबरोबर फुकट दुरुस्ती करून देतो, आणि कपडा कुठल्याही रंगाचा असो, दोरा निळाच वापरतो. ते बघवत नाही म्हणून लोक तोच कपडा नंतर माझ्याकडे आणतात.

बोट आपोआप फोनकडे गेलं. हवालदारबाईंनी नुसतं पाहिलं. मी फोन कुलूपवाल्याच्या हातात दिला नि म्हणाले, “हा तुमच्याकडे ठेवा. मला परत देऊ नका.”

“कधीपर्यंत?”

“मी सुधारेपर्यंत.”

“म्हणजे बराच काळ भेटावं लागणार,” तो म्हणाला, आणि फोन खिशात टाकला. माझे कान गरम झाले ते चौकीतल्या उकाड्याने, असं मी स्वतःला समजावलं.

ड्रायक्लिनरचं मी फक्त बाईंच्या कानात सांगितलं, आणि पुढचं सगळं फार सोपं निघालं. हवालदारबाई साध्या साडीत ड्रायक्लिनरकडे गेल्या, तर ते जॅकेट आतच टांगलेलं! आपला फोटो गाजलेला पाहून चोर पठ्ठ्याने ते काळं रंगवायला टाकलं होतं. बुधवारी दुपारी तो जॅकेट न्यायला आला आणि बाईंनीच ते त्याच्या हातात दिलं. सातही सायकली त्याच्या मामाच्या गोदामात सापडल्या. कुलूप न तोडता कशा नेल्या? आकड्यांची स्वस्त कुलपं होती सगळी. कुलूपवाला म्हणाला, “ती तर नुसत्या बोटांना कळतात. घेऊ नका म्हणून मी घसा कोरडा करतो, पण ऐकतंय कोण!”

पोलिसांनी पानावर लिहिलं, ‘खरा आरोपी सापडला. चौकातील कुलूपवाल्यांचा याच्याशी काहीही संबंध नाही.’

एकतीस जणांना आवडलं.

“चार हजारांना चोर कळला, एकतीस जणांना साव,” गुरुवारी सकाळी तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला. “आज आणखी दोन कुलपं परत आली.”

माझा जीव तुटला. मग मीच म्हणाले, “तुमच्या गिऱ्हाइकांची यादी करा. मी घरोघर जाऊन सांगते.”

“सगळ्यांना? सव्वीस घरं आहेत!”

“सव्वीस तर सव्वीस.”

“एकट्या नका जाऊ. बऱ्याच घरांत कुत्री आहेत.” तो खाली बघत म्हणाला, “आणि... मला ऐकायचंय.”

ताई पडद्यातून डोकं काढून म्हणाली, “जा जा! दुकान मी बघते. तसंही हिचं लक्ष कालपासून सुईत नाही.”

“ताई!”

पहिल्या घरी माझी बोबडी वळली. “नमस्कार, मी... ती... म्हणजे सोमवारची मूर्ख बाई मीच.” दुसऱ्या घरी थोडं बरं. पाचव्या घरापर्यंत भाषण पाठ झालं. मी दारात उभी राहून ते म्हणायचे, आणि माझं बोलणं चालू असताना तो त्या घराची कडी बघायचा. कुरकुरत असली की खिशातून तेलाची छोटी बाटली काढून दोन थेंब सोडायचा. कुणी सांगितलेलं नाही, कुणी विचारलेलं नाही. लोक माझ्याकडे बघून नाक मुरडायचे नि त्याच्याकडे बघून आत या म्हणायचे.

“‘मूर्ख’ शब्दावर या वेळी जोर कमी पडला,” जिन्यात तो म्हणाला.

“तुम्ही गुण देताय का?”

“दहापैकी सात. मघाशी नऊ होते.”

दुपारी भुरभुर सुरू झाली. छत्री एकच, तीही माझी, फुलाफुलांची. त्याने ती धरली आणि अशी धरली की माझा खांदा कोरडा, त्याचा चिंब. मी छत्री त्याच्याकडे ढकलायची, तो परत माझ्याकडे... अख्खी गल्ली आम्ही अशीच भांडत पार केली. खरं तर मला ती गल्ली संपूच नये असं वाटत होतं.

शुक्रवारी एकोणिसाव्या घराच्या जिन्यात मला त्याच्या शर्टाचं दुसरं बटण लोंबताना दिसलं. आता असं काही दिसलं की माझा हात थांबत नाही. माझ्या गळपट्टीला सुई कायम टोचलेली असते.

“थांबा. हलू नका, टोचेल.”

मी टाका घातला. तो श्वास रोखून उभा. बटणाखाली त्याचं हृदय धडधडताना सुईलाही कळत होतं.

“टोचलं का?” मी विचारलं.

“मंगळवारीच,” तो म्हणाला.

दोरा दातांनी तोडायचा होता. त्यासाठी वाकावं लागतं. मी वाकले, तोडला, आणि वर बघायचं धैर्यच होईना. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या बाई ओरडल्या, “कोण आहे जिन्यात?” आणि आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखे खाली पळत सुटलो.

शनिवार उजाडला. यादीत एकच नाव उरलं होतं, शाळेच्या मुख्याध्यापिका. ते काम मिळालं तर बाकीचे लोक आपोआप परत येणार होते. ज्याच्यावर शाळा विश्वास ठेवते, त्याच्यावर कुणीही ठेवतं. आणि नाही मिळालं तर तो दुकान बंद करून भावाकडे, दुसऱ्या गावी जाणार होता. हे त्याने मला सांगितलं नव्हतं. फाटकाशी पोचल्यावर, मी विचारलं म्हणून बोलला.

“दुसऱ्या गावी?” मी फाटकातच थांबले. “आणि हे आत्ता सांगताय?”

“आधी सांगितलं असतं तर तुमच्या भाषणात खोट आली असती. रडला असता तुम्ही.”

“मी? अजिबात नाही,” मी म्हणाले आणि नाक पुसलं.

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत टेबलावर कागदांचा ढीग होता, भिंतीवर घड्याळ. बाईंनी माझं भाषण शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

“पोलिसांची सूचना मी वाचली आहे,” त्या म्हणाल्या. “चोरी यांनी केली नाही, हे मला मान्य आहे. पण माझ्या शाळेत सहाशे मुलं आहेत. प्रत्येक दाराची किल्ली ज्याच्या हातून जाणार, तो माणूस कसा आहे हे मला कळायला हवं. सोमवारी तुम्ही यांच्याबद्दल लिहिलंत, तेव्हा यांना ओळखत होतात?”

“नाही,” मी म्हणाले. “पाहिलंसुद्धा नव्हतं.”

“आता ओळखता?”

“हो.”

“मग आता सांगा. कसे आहेत?”

मी पाठ केलेलं सगळं विसरले. शेजारी तो ताठ उभा होता, जमिनीकडे बघत. मी तोंड उघडलं आणि जे आलं ते येऊ दिलं.

“बाई, हा माणूस... मी याला चार हजार लोकांपुढे चोर म्हटलं, तर हा माझ्याकडे भांडायला आला आणि आवाजसुद्धा चढवला नाही. चौकीत मला ओरडा बसला तर माझ्या बाजूने बोलला. दोन दिवस आम्ही दारोदार फिरलो. ज्यांनी याची कुलपं परत केली त्यांच्याही कड्यांना याने तेल घातलं. मी म्हटलं, कशाला? तर म्हणे, कडी काय करणार बिचारी! पावसात छत्री धरतो तर दुसऱ्यावर. खोटं बोलायला गेला की खाली बघतो, आणि तरी जमत नाही. माझा फोन चार दिवस याच्या खिशात आहे, उघडून पाहिला नसेल, माझी खात्री आहे. मी माझ्या घराच्या सगळ्या किल्ल्या याला देईन. आणि हा दुसऱ्या गावी गेला ना, तर... तर मला करमणार नाही, बाई. मला हा आवडतो. फार आवडतो.”

मी काय बोलून गेले ते मला हळूहळू कळत गेलं, आणि धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मी चारित्र्याचा दाखला मागितला होता,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तर प्रेमपत्र वाचून दाखवलंत.”

“चुकले,” मी पुटपुटले.

“पण दाखला म्हणून चालेल.” त्यांनी एक कागद त्याच्यापुढे सरकवला. “सोमवारी सकाळी सातला या. तळमजल्यापासून सुरुवात करा. आणि आता दोघंही बाहेर जा, मला काम आहे.”

आम्ही बाहेर आलो. लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना वर्गांची बंद दारं, आतून पाढ्यांचा आवाज. दहा पावलं झाली, वीस झाली.

“बोला ना काहीतरी!” मी वैतागून म्हणाले. “गुण तरी द्या!”

तो थांबला. माझा फोन खिशातून काढून त्याने माझ्यापुढे धरला. “आत जे बोललात ते लिहा त्या पानावर. माझं चोर म्हणून नाव जेवढ्यांनी वाचलं, तेवढ्यांना हेही वाचू दे.”

मी फोन हातात घेतला. क्षणभर मोह झालाच. मग मी तो बंद केला नि पिशवीत टाकला.

“नाही लिहिणार. एकदा जगाला सांगून बघितलं, पुरे झालं.”

“मग मला सांग,” तो म्हणाला. ‘अहो’ कुठे गळालं कुणास ठाऊक. “मघाशी तू बाईंना सांगितलंस. मला अजून सांगितलेलं नाहीस.”

मी टाचा उंचावल्या आणि त्याच्या कानात सांगितलं. लहानसं वाक्य, पण मध्ये दोनदा अडखळले. तो खाली बघत नव्हता. सरळ माझ्याकडे बघत म्हणाला, “मलाही. तुझा दोरा सुटला ना, तेव्हापासून.”

तेवढ्यात घंटा झाली. चाळीस दारं एकदम उघडली, मुलांचा लोंढा आमच्या अंगावर आला, कुणाची दप्तरं लागली, कुणी ढकललं, आणि हरवू नये म्हणून त्याने माझा हात धरला. फाटकाबाहेर आलो, रस्ता मोकळा होता, गर्दीचं नाव नव्हतं. तरी हात त्याने सोडला नाही, आणि मीही काही आठवण करून दिली नाही.